रंकाळ्याखालचा पन्हाळा: ग्रहांच्या पोटात डोकावणाऱ्या रडारचं सिम्युलेशन

कोल्हापूरच्या रंकाळ्याच्या बरोबर वर, ३०० किलोमीटर उंचीवर, २० मेगाहर्ट्झचं रडार घेऊन एक यान आहे असं धरा. त्याने खाली लहर सोडली आणि परत आलेले प्रतिध्वनी वेळेच्या क्रमाने एकाखाली एक मांडले. या चित्रात जोतिबाचा डोंगर तळ्याच्या पाण्यापेक्षा दीडशे मीटर वर, हवेत तरंगताना दिसेल. पन्हाळा मात्र तळ्याच्या शंभरेक मीटर खाली गाडलेला दिसेल. दोन्ही खोटं आहे, आणि रडारची काही चूकही नाही. त्याला प्रतिध्वनी किती वेळाने आला एवढंच कळतं, कुठल्या दिशेने आला ते कळत नाही.

मंगळाच्या किंवा चंद्राच्या रडारग्राममध्ये, म्हणजे प्रतिध्वनींच्या अशा चित्रात, जमिनीखाली ज्या रेषा दिसतात, त्यांतल्या कुठल्या खरंच जमिनीखालच्या आणि कुठल्या बाजूच्या डोंगराच्या, हे ठरवायला सिम्युलेशन लागतं. म्हणून कामाचा क्रम असा ठेवा: आधी फक्त पृष्ठभाग, जमिनीखाली काहीही नाही. तो जमला की मग थर. उलटं करायचा मोह होतो, कारण थर काढणं सोपं असतं आणि चित्रही देखणं येतं. पण पृष्ठभाग न तपासता थर जुळवले, तर जुळले तरी त्यावरून काही ठरत नाही.

वरचे आकडे आले कुठून

समोर दिसणाऱ्या डोंगरावर हिशोब एकदा हाताने करून पाहा. मंगळावर तोच लागतो. यानाची उंची उ, यानाच्या थेट खालच्या जागेपासून डोंगराचं आडवं अंतर क्ष, ग्रहाची त्रिज्या त्रि. डोंगराचा प्रतिध्वनी थेट खालच्या जमिनीच्या तुलनेत किती जास्त अंतर कापतो?

जादा अंतर (एका बाजूचं) = (क्ष² ÷ २उ) × (१ + उ ÷ त्रि) − डोंगराची उंची

रंकाळ्यापासून पन्हाळा सरळ रेषेत सुमारे १७ किलोमीटर, जोतिबा १२. दोन्ही माथे तळ्यापेक्षा सुमारे ४०० मीटर उंच धरू. पन्हाळ्यासाठी पहिला भाग ५०४ मीटर येतो, त्यातून ४०० गेले, उरले १०४: म्हणजे जमिनीच्या खाली. जोतिबासाठी २५१ वजा ४००, म्हणजे उणे १४९: जमिनीच्या वर. पृथ्वीभोवती असं यान फिरत नाही आणि आयनमंडलाने मध्ये काय केलं असतं तेही इथे सोडून दिलं आहे. आपल्याला फक्त भूमिती तपासायची आहे. तुमच्या प्रोग्रामने हे दोन आकडे पाच-दहा मीटरच्या फरकाने दिले नाहीत, तर मंगळाकडे जाऊ नका.

सूत्रातला वक्रतेचा कंस अनेकजण गाळतात. उंची ३०० किलोमीटर आणि मंगळाची त्रिज्या सुमारे ३,३९० किलोमीटर घेतली तर त्या कंसामुळे जवळपास नऊ टक्के फरक पडतो. ३० किलोमीटर दूरच्या कड्यासाठी सपाट गणित १,५०० मीटर सांगतं, खरं उत्तर १,६३३. हा १३३ मीटरचा फरक शराड या मंगळाच्या रडारच्या जवळपास नऊ विभेदन-कप्प्यांइतका (प्रत्येकी १५ मीटर) आहे. इतका सरकलेला क्लटर, म्हणजे बाजूच्या डोंगरांचे प्रतिध्वनी, खऱ्या रडारग्रामवर ठेवला की कड्याची रेषा जुळत नाही, आणि मग ती 'जमिनीखालची' म्हणून जाहीर होते.

कोणतं रडार, कोणते आकडे

सिम्युलेशन कुठल्यातरी ठरावीक उपकरणाचंच करा. सर्वसाधारण रडार म्हणून सुरुवात केली की प्रत्येक टप्प्याला आकडा कल्पनेतून घ्यावा लागतो.

शिकायला सगळ्यात सोयीचं शराड. मार्स रिकनिसन्स ऑर्बिटर या यानावरचं हे रडार इटलीच्या अंतराळ संस्थेने दिलेलं आहे. यान २००५ मध्ये निघालं. मध्य वारंवारता २० मेगाहर्ट्झ, पट्टा १० मेगाहर्ट्झ, पल्स ८५ मायक्रोसेकंद, शक्ती फक्त १० वॉट. उंची २५५ ते ३२० किलोमीटर. मार्स एक्स्प्रेसवरचं मार्सिस खूप खोल जातं, कारण त्याचे पट्टे १.८ ते ५ मेगाहर्ट्झचे आहेत. पण प्रत्येक पट्टा १ मेगाहर्ट्झ रुंद, त्यामुळे निर्वातातलं विभेदन १५० मीटर. चंद्रासाठी जपानच्या कागुया यानावरचं ५ मेगाहर्ट्झचं रडार घ्या. त्याआधी १९७२ मध्ये अपोलो १७ ने ५, १५ आणि १५० मेगाहर्ट्झवर हाच प्रयोग केला होता. गुरूच्या चंद्रांकडे निघालेल्या ज्यूसवर ९ मेगाहर्ट्झचं, तर युरोपा क्लिपरवर ९ आणि ६० मेगाहर्ट्झचं रडार आहे.

इथे एक घोळ नेहमी होतो. चांद्रयान-२ वरचं एल आणि एस बँडचं रडार या यादीत बसत नाही. ते तिरकं बघून प्रतिमा काढणारं रडार आहे, खाली सरळ बघून खोली मोजणारं नाही. त्याचं सिम्युलेशन वेगळ्या पद्धतीने होतं.

विभेदन म्हणजे प्रकाशाचा वेग भागिले पट्ट्याची दुप्पट. शराडसाठी निर्वातात १५ मीटर. पदार्थात शिरल्यावर त्याला डायइलेक्ट्रिक स्थिरांकाच्या (पदार्थ लहरीला किती संथ करतो त्याच्या मापाच्या) वर्गमुळाने भागा: बर्फात (३.१५) साडेआठ मीटर, घट्ट बेसॉल्टमध्ये (८) सव्वापाच.

उंचीचा नकाशा

सगळा क्लटर उंचीच्या नकाशातून येतो, त्यामुळे सर्वात जास्त वेळ इथे घाला. मंगळासाठी मोलाची (मंगळाच्या कक्षेतून लेसरने केलेल्या उंची-मोजणीची) जाळी घ्या: अंशाला १२८ पिक्सेल, म्हणजे विषुववृत्तावर पिक्सेलमागे ४६३ मीटर. ध्रुवांजवळ याहून बारीक जाळ्या मिळतात. चंद्रासाठी अंशाला ५१२ पिक्सेलची, सुमारे ६० मीटरची जाळी आहे. सरावाला इस्रोच्या भुवन पोर्टलवरचा कार्टोसॅटचा किंवा एसआरटीएमचा (अंतराळ शटलवरच्या रडारने मोजलेला) ३० मीटरचा नकाशा पुरतो. पन्हाळा, जोतिबा आणि पंचगंगेचं सपाट खोरं एकाच चौकटीत येईल एवढा तुकडा कापा.

आता इथे काय काय बिघडतं ते पाहू.

उंची कशापासून मोजली आहे हे न बघता फाइल वापरली जाते. मोलाच्या दोन प्रकारच्या फाइली असतात: एकीत समपातळीपासूनची उंची, दुसरीत ग्रहाच्या केंद्रापासूनचं अंतर. तुम्हाला दुसरी हवी. पहिली घेऊन गोलाकार ग्रहावर चिकटवली तर ध्रुवांकडे किलोमीटरांनी चूक होते, कारण मंगळ चांगलाच चपटा आहे. भारतात चूक लहान असते पण असते: एसआरटीएमच्या उंच्या जिऑइडपासून, म्हणजे पृथ्वीच्या समपातळीपासून, आहेत आणि आपल्याकडे जिऑइड लंबगोलाच्या ५० मीटरहून जास्त खाली आहे.

एसआरटीएममध्ये माहिती नसलेल्या जागी −३२७६८ लिहिलेलं असतं. ते काढायचं राहिलं तर सह्याद्रीच्या कड्यात ३२ किलोमीटर खोल विहिरी तयार होतात. त्यांचे प्रतिध्वनी चौकटीबाहेर जातात म्हणून दिसत नाहीत, पण आजूबाजूचे उतार बिघडवून जातात.

आणि सगळं गणित ६४ बिटांत करा. केंद्रापासूनचं अंतर मंगळावर चौतीस लाख मीटरच्या आसपास असतं. ३२ बिटांत तिथली सगळ्यात लहान पायरी पाव मीटरची. १५ मीटरच्या लहरीवर तेवढ्याने कलेत (लहर आपल्या चक्रात कुठे आहे त्यात) १२ अंशांची चूक होते. फक्त शक्तीची बेरीज करताना ती चालून जाईल. कला धरून बेरीज करायची असेल तर चित्रात दाणेदार गोंगाट दिसतो आणि तो कुठून आला ते दोन दिवस सापडत नाही.

पृष्ठभागाचं सिम्युलेशन

साधन म्हणून पायथन, नमपाय, सायपाय आणि नकाशा वाचायला रास्टेरिओ पुरतं. १६ जीबी मेमरीचा लॅपटॉप चालतो, ग्राफिक कार्ड लागत नाही. यानाची प्रत्येक क्षणाची जागा नासाच्या स्पाइस फाइलींतून किंवा रडारग्रामसोबत येणाऱ्या भूमिती-तक्त्यातून घ्या. सरावाला सरळ रेषा पुरे: नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे, रंकाळ्यावरून, म्हणजे पन्हाळा डाव्या हाताला येतो.

यानाच्या प्रत्येक जागेसाठी:

१. थेट खालच्या बिंदूभोवतीचा नकाशाचा तुकडा घ्या. आडव्या दिशेला दोन्हीकडे किमान ४० किलोमीटर. प्रवासाच्या दिशेला मात्र एक-दोन किलोमीटर पुरतात, कारण खऱ्या डेटावर डॉप्लर-प्रक्रिया होऊन पुढचे-मागचे प्रतिध्वनी गेलेले असतात. बाजूचे जात नाहीत; साध्या द्विध्रुव अँटेनाला डावं-उजवं कळत नाही.

२. प्रत्येक पिक्सेलचे ग्रहकेंद्रित क्ष, य, झ काढा, शेजारच्या पिक्सेलवरून त्या तुकड्याचा लंब काढा.

३. यानापासूनचं अंतर आणि लंबाशी होणारा कोन काढा.

४. शक्ती ठरवा: तुकड्याचं क्षेत्रफळ गुणिले त्या कोनाचं परावर्तन-सूत्र, भागिले अंतराचा चौथा घात. परावर्तनासाठी हॅगफोर्सचं सूत्र चालतं. त्यातला खडबडीचा स्थिरांक १०० धरला तर तो सुमारे सहा अंशांच्या सरासरी उताराशी जुळतो.

५. अंतरावरून वेळेचा कप्पा काढा आणि त्यात ती शक्ती मिळवा. डाव्या आणि उजव्या बाजूची बेरीज वेगवेगळ्या दोन चौकटींत ठेवा.

ही डावी-उजवी वाटणी फुकट मिळते आणि पुढे सगळ्यात जास्त कामाला येते. एखादी रेषा फक्त डाव्या चौकटीत आली, की नकाशावर डावीकडे कुठला कडा तेवढ्या अंतरावर आहे ते पाहायचं, संपलं.

इथे कला न धरता फक्त शक्तीची बेरीज केली आहे, आणि ते मुद्दाम. १५ मीटरच्या लहरीसाठी कला अर्थपूर्ण व्हायची तर उंची मीटरभराच्या आत आणि काही मीटरांच्या जाळीवर माहीत हवी. ४६३ मीटरच्या जाळीवरून काढलेली कला म्हणजे सजावट.

पहिल्यांदा चालवल्यावर चित्रात बहुधा कंगव्यासारखे दाते दिसतील. ते डोंगर नव्हेत. क्ष अंतरावर शेजारच्या दोन पिक्सेलमधला अंतराचा फरक क्ष × पिक्सेल ÷ उंची इतका असतो. ३० किलोमीटरवर ४६३ मीटरच्या पिक्सेलसाठी तो ४६ मीटर, म्हणजे तीन कप्पे. एक भरतो, दोन रिकामे राहतात. उपाय: हा फरक अर्ध्या कप्प्याच्या, म्हणजे साडेसात मीटरच्या आत येईपर्यंत पिक्सेल बारीक करा. ३० किलोमीटरवर त्यासाठी सुमारे ७५ मीटरची जाळी लागते. द्विरेषीय अंतर्वेशन पुरतं. अर्थात त्याने नवे डोंगर निर्माण होत नाहीत. मोलाला न दिसलेली घळ तुमच्या सिम्युलेशनमध्येही नसणार, हे पुढे निष्कर्ष काढताना लक्षात हवं.

जमिनीखालचे थर

कोल्हापूरच्या आसपास विहीर खोदणाऱ्याला थर सांगावे लागत नाहीत: वर काळी माती, मग मुरूम, मग काळा कातळ. पन्हाळ्याच्या माथ्यावर जांभा. रडारच्या दृष्टीने यातला महत्त्वाचा धडा मुरमाचा आहे. मुरूम ही सीमा नाही, तो हळूहळू होत गेलेला बदल आहे. पदार्थातल्या लहरीच्या अर्ध्या लांबीपेक्षा जाड असा संथ बदल असेल तर परावर्तन जवळजवळ नाहीसं होतं. स्थिरांक ५ असलेल्या खडकात शराडची लहर ६.७ मीटरची होते, म्हणजे तीन-साडेतीन मीटरचा मुरूम कातळ लपवायला पुरेसा आहे. सिम्युलेशनमध्ये मात्र सगळेजण धारदार सीमा टाकतात आणि खऱ्या डेटात रेषा का नाही म्हणून चक्रावतात. दोन्ही प्रकार चालवून पाहा.

दुसरी गोष्ट, आपल्याकडच्या मातीचे आकडे तिकडे नेऊ नका. ओल्या मातीचा स्थिरांक १५ ते ३० असू शकतो आणि काळ्या चिकणमातीत लहर काही हातांत मरते. मंगळ आणि चंद्रावर सगळं कोरडं आणि गार आहे. कोरड्या बेसॉल्टला ६ ते ९ घ्या. चंद्राच्या मातीसाठी अपोलोच्या नमुन्यांवरून आलेलं सूत्र आहे: स्थिरांक म्हणजे १.९१९ चा घनतेइतका घात, घनता ग्रॅम प्रति घनसेंटिमीटरमध्ये. घनता १.७ असेल तर ३.०, घनता ३ असेल तर ७.१. लॉस टँजंट, म्हणजे पदार्थ लहर किती शोषतो त्याचं माप, लोह आणि टायटॅनियमच्या ऑक्साइडांच्या एकूण टक्केवारीनुसार वाढतो, १.७ घनतेला ५ टक्क्यांवर तो ०.००२९ आणि १५ टक्क्यांवर ०.००६९ येतो. चंद्राच्या काळ्या सखल भागात रडार कमी खोल जातं ते यामुळे.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवू. वर एक किलोमीटर धूळमिश्रित बर्फ: स्थिरांक ३.१५, लॉस टँजंट ०.००१. खाली बेसॉल्ट, स्थिरांक ८.

परावर्तन म्हणजे दोन्हीकडच्या स्थिरांकांच्या वर्गमुळांची वजाबाकी भागिले बेरीज, आणि शक्तीसाठी त्याचा वर्ग. पृष्ठभागावर ०.०७८, म्हणजे −११.१ डेसिबल. बर्फ-बेसॉल्ट सीमेवर ०.०५२, म्हणजे −१२.८. पृष्ठभागातून आत आणि बाहेर जाताना मिळून −०.७. बर्फातला क्षय, एका बाजूने, मीटरमागे डेसिबलमध्ये: ०.०९१ × मेगाहर्ट्झ × स्थिरांकाचं वर्गमूळ × लॉस टँजंट. म्हणजे ०.००३२, दोन किलोमीटरच्या येण्याजाण्यात ६.५ डेसिबल. एकूण तळाचा प्रतिध्वनी −२०.०, पृष्ठभागापेक्षा फक्त ८.९ डेसिबल खाली. वेळ ११.८ मायक्रोसेकंद. म्हणजे रेषा ठळक दिसायला हवी, आणि मंगळाच्या ध्रुवीय बर्फात शराडला तळ दिसतो तो याच हिशोबाने.

बर्फाच्या जागी बेसॉल्ट घालून पाहा, लॉस टँजंट ०.०२. मीटरमागे ०.१०३ डेसिबल. शंभर मीटर खोलीला येण्याजाण्याचे २०.६ डेसिबल जातात, ३०० मीटरला ६२. तिथे शराडकडून काही मागू नका. लाव्ह्याच्या प्रदेशातल्या रडारग्राममध्ये अर्धा किलोमीटर खोलीवर ठळक रेषा दिसली, तर पहिला संशय बाजूच्या डोंगरावर घ्यायचा.

खडबडीची वजावट विसरू नका. पृष्ठभागाचे मध्यमवर्गमूळ चढउतार स, लहर ल. सुसंगत शक्ती e चा −(४π × स ÷ ल)² इतका घात, या पटीने घटते. २० मेगाहर्ट्झवर एक मीटरच्या खडबडीने ३ डेसिबल, दोन मीटरच्या खडबडीने १२ डेसिबल. मार्सिसच्या ४ मेगाहर्ट्झवर त्याच दोन मीटरने अर्धा डेसिबल. त्यामुळे एका रडारला दिसलं आणि दुसऱ्याला दिसलं नाही, यात लगेच विरोधाभास शोधू नये.

थर विभेदनापेक्षा पातळ असतील तर एकेक परावर्तन मोजून बेरीज करू नका, पूर्ण ट्रान्सफर मॅट्रिक्स (सगळ्या थरांतली उलटसुलट परावर्तनं एकत्र धरणारी पद्धत) प्रत्येक वारंवारतेला चालवा. याचं महत्त्व २०१८ नंतरच्या वादात दिसलं. मार्सिसच्या डेटात मंगळाच्या दक्षिण ध्रुवाजवळ दीड किलोमीटर खोलीवर, सुमारे २० किलोमीटर रुंद अशी खूप तेजस्वी जागा सापडली आणि ती द्रव पाणी असल्याचा दावा झाला. नंतरच्या सिम्युलेशनांनी दाखवलं की पातळ थरांतले प्रतिध्वनी एकमेकांत मिसळूनही पाण्याशिवाय तेवढी चमक येऊ शकते. चिकणमातीचं स्पष्टीकरणही पुढे आलं.

चर्प, संकोचन, गोंगाट

क्लटर आणि थर यांची बेरीज झाली की तिला उपकरणाच्या चाळणीतून काढा. बेसबँडवर (मध्य वारंवारता वजा करून) २० मेगाहर्ट्झने संमिश्र नमुने घ्या. ८५ मायक्रोसेकंदांचा चर्प (वारंवारता सतत सरकत जाणारा पल्स) १,७०० नमुन्यांचा होतो. १०० मायक्रोसेकंदांची चौकट ठेवली तर २,००० नमुने. दोन्ही मिळून ३,७००, म्हणून एफएफटी ४,०९६ ची. चौकट २,००० चीच आहे म्हणून २,०४८ घेतली, तर खालून बाहेर जाणारं वरून आत येतं आणि पृष्ठभागाच्या वरच्या रिकाम्या आकाशात थर उगवतात.

शराडचा चर्प २५ वरून १५ मेगाहर्ट्झकडे उतरतो. दिशा उलटी धरली तर लांब पल्सचं छोट्या शिखरात संकोचन होण्याऐवजी सगळं १७० मायक्रोसेकंदांवर फासलं जातं. चित्र राखाडी आलं की आधी हेच बघा.

संकोचनाआधी हान खिडकी लावा. न लावल्यास बाजूचं पहिलं शिखर मुख्य शिखराच्या फक्त १३ डेसिबल खाली असतं. वरच्या उदाहरणातला तळ ८.९ खाली होता, म्हणजे खरा थर आणि हे खोटं शिखर यांच्यात चारच डेसिबलचं अंतर. हान खिडकीने ते ३१ डेसिबल खाली जातं. बदल्यात विभेदन दीडपटीहून थोडं जास्त ढिलं होतं, १५ चे सुमारे २४ मीटर. हा सौदा नेहमी करावा.

गोंगाट क्लटर आणि थरांनंतर मिळवा, पण संकोचनाच्या आधी, संमिश्र गाउसियन. संकोचनानंतर मिळवला तर तो फार गुळगुळीत किंवा फार खरबरीत दिसतो आणि खऱ्या डेटाच्या शेजारी ओळखू येतो. मंगळाच्या दिवसाच्या बाजूला आयनमंडल कला विसकटतं आणि रेषा जाड होतात. पहिली तुलना रात्रीच्या डेटाशी करा, तो त्रास टळेल.

रोव्हरखालची जमीन

कक्षेतल्या रडारसाठी पूर्ण तरंग-समीकरण सोडवणं शक्य नाही, ३०० किलोमीटर जाळी कोण भरणार? पण रोव्हरच्या रडारसाठी तेच करायचं. पर्सिव्हिअरन्सवरचं रिमफॅक्स १५० ते १,२०० मेगाहर्ट्झवर चालतं, चांग-ई ३ च्या रोव्हरवर ६० आणि ५०० मेगाहर्ट्झची दोन रडारं होती. यासाठी जीपीआरमॅक्स हे मुक्त सॉफ्टवेअर वापरतात.

५०० मेगाहर्ट्झचा रिकर पल्स घेतला तर त्यातली उपयोगाची वारंवारता १.५ गिगाहर्ट्झपर्यंत जाते. स्थिरांक ८ च्या दगडात तिथली लहर ७ सेंटिमीटर. तिचा दहावा भाग ७ मिलिमीटर, म्हणून जाळी ५ मिलिमीटरची. फक्त मध्य वारंवारतेवर हिशोब करून २ सेंटिमीटरची जाळी घेतली तर लहर जाळीवरून चालताना वेग बदलते आणि प्रत्येक दगडामागे खोटी शेपटी दिसते.

१० मीटर लांब, ६ मीटर खोल द्विमितीय छेद म्हणजे २४ लाख पेशी. स्थिरांक ४ च्या मातीत ५ मीटर खोलीचा प्रतिध्वनी ६७ नॅनोसेकंदांनी येतो; ८० ची चौकट ठेवा. वेळेची पायरी ११.८ पिकोसेकंद, म्हणजे प्रत्येक ट्रेसला (एका जागेवरच्या नोंदीला) सुमारे ६,८०० पायऱ्या. ५ सेंटिमीटर अंतराने २०० ट्रेस. ग्राफिक कार्ड असेल तर हे रात्रभरात होऊन जातं. प्रत्येक ट्रेस वेगळ्या फाइलमध्ये जतन करा, म्हणजे मध्येच वीज गेली तरी सकाळी पहिल्यापासून सुरुवात नको.

त्रिमितीचा विचार करताना आधी हिशोब करा. हाच छेद १० मीटर रुंद केला की ४८० कोटी पेशी, फक्त क्षेत्रांच्या सहा घटकांनाच ११५ जीबी. म्हणून द्विमितीत राहा, पण त्याची किंमत माहीत असू द्या: तिथे स्रोत बिंदू नसून अनंत लांब तार असते, त्यामुळे लहर खऱ्यापेक्षा संथ फिकी पडते. वेळा आणि आकार खऱ्या डेटाशी ताडून पाहा, तीव्रता नको. स्रोत आणि दगड कडेच्या शोषक थरापासून किमान १५ पेशी आत ठेवा, नाहीतर कडेवरून परत आलेली लहर खोल थरासारखी दिसते.

दगड किती टाकायचे? एकसारख्या आकाराचे गोल टाकले की चित्रात नीटनेटके कमानदार पट्टे येतात आणि ते खोटे वाटतात, कारण जमिनीत लहान दगड फार आणि मोठे थोडे असतात. लहरीपेक्षा बरेच लहान दगड एकेक काढण्यात अर्थ नाही. मातीचाच स्थिरांक जागोजाग किंचित बदलता ठेवा.

खऱ्या डेटाशी गाठ

आधी तीन चाचण्या. गुळगुळीत गोळ्यावर फक्त एक रेषा यायला हवी. एकाच उंच टोकावर अपेक्षित वेळेला अपेक्षित कमान यायला हवी. आणि वरचा बर्फाचा थर ११.८ मायक्रोसेकंदांवर, ८.९ डेसिबल खाली. तिन्ही जमल्यावर नासाच्या प्लॅनेटरी डेटा सिस्टीमवरून शराडचा रडारग्राम उतरवा. तिथे त्याच कक्षांची तयार क्लटर सिम्युलेशनंही ठेवलेली असतात; तुमचं चित्र आधी त्यांच्याशी ताडून पाहा, मग रडारग्रामशी.

दोन चित्रं शेजारी ठेवण्यापेक्षा एकावर एक ठेवून आलटूनपालटून बघा, डोळ्याला सरकलेली रेषा लगेच कळते. पृष्ठभागाची रेषा दोन-तीन कप्प्यांनी सतत सरकलेली असेल तर यानाची उंची किंवा नकाशाचा संदर्भ चुकलाय. एका टोकाला जुळते आणि दुसऱ्या टोकाला सुटते, तर वक्रता किंवा चपटेपणा.

मग एकेक रेषा घ्या. क्लटर-चित्रात त्याच जागी, त्याच आकाराची रेषा आहे? ती खोडा. तिथे काहीच नाही? तरी लगेच आनंद नको. त्या वेळेला किती अंतरावरचा डोंगर लागतो ते वरच्या सूत्राने उलट काढा आणि नकाशाच्या त्या पट्ट्यात जाळीपेक्षा बारीक काही असू शकतं का ते छायाचित्रात शोधा. शेजारच्या दुसऱ्या कक्षेच्या रडारग्राममध्ये ती रेषा त्याच खोलीवर राहते का, तेही पाहा. जमिनीखालची असेल तर राहील. बाजूच्या कड्याची असेल, तर कक्षा पाच किलोमीटर सरकली की रेषाही सरकेल. रंकाळ्यावरून निघालेलं यान पन्हाळ्याच्या दिशेने पाच किलोमीटर सरकवून पाहा: शंभर मीटर खाली गाडलेला गड तब्बल अडीचशे मीटरने उचलून जमिनीच्या वर येतो.